ओल्या हातमोज्याचा पंचनामा

"सिनेमाच्या इतिहासाचे दोनच भाग पडतात," लायमन टिब्बेट्सने दोन्ही हात पसरून जाहीर केलं, "‘ओला हातमोजा’च्या आधीचा आणि ‘ओला हातमोजा’नंतरचा!"

माईक बंद होता.

मंडळाचा अध्यक्ष डेल ऑस्ट्रँडर खुर्चीतून उठला, कमरेवर हात ठेवून व्यासपीठापर्यंत आला, माईकचं बटण दाबलं, त्यात दोनदा फुंकर मारली आणि म्हणाला, "हां. आता पुन्हा म्हण."

लायमनने इतिहासाचे पुन्हा दोन भाग पाडले. पण या खेपेला आवाज निम्म्यावर आला होता आणि हातही त्याने एकच पसरला.

"एवढ्यासाठी दोनदा?" मागच्या रांगेतून व्हर्नाबाई कोझ्लिक म्हणाल्या. त्यांना माईकची गरज कधीच पडली नव्हती. "लायमन, चाळीस वर्षं झाली, तुझा हातमोजा अजून वाळला नाही का रे?"

तेवीस माणसं हसली. हॉलमध्ये होतीच तेवीस. त्यातली चार बटाट्याच्या सॅलडसाठी आली होती, पण तीही हसली.

बरबँकच्या निवृत्त सैनिकांच्या या हॉलमध्ये जुन्या सिनेमावाल्यांचं मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोनला भरायचं आणि पाचला आकड्यांचा बिंगो खेळणारे आले की उठायचं. ऑक्टोबरचा महिना होता. डोंगराकडून गरम वारा सुटला होता, आणि या वाऱ्यात गावातला भला माणूससुद्धा शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे वाकड्या नजरेने बघतो. मंडळात भला माणूस मुळातच नव्हता. एकत्र येऊन सिनेमे बघावेत आणि ते बघणाऱ्या इतरांचा द्वेष करावा, या एकाच ध्येयावर ते चव्वेचाळीस वर्षं टिकलं होतं.

‘ओला हातमोजा’ ही मुळात एक गुप्तहेर कादंबरी. हॉलिवुडने तिच्यावर तीनदा सिनेमा काढला. त्रेचाळीस सालचा तिसरा जगाने डोक्यावर घेतला. त्यातल्या नायकाची टोपी आजही एका संग्रहालयात काचेखाली आहे आणि लोक तिच्यासमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. पस्तीस सालच्या दुसऱ्यात गुप्तहेराला एक कुत्रा दिला होता, आणि दोघांत कुत्र्याचं काम बरं होतं. आणि तीस सालचा पहिला? तो कुणाला ठाऊकच नव्हता. ज्यांना ठाऊक होता त्यांना तो लायमनमुळे ठाऊक होता, आणि म्हणूनच नकोसा झाला होता.

लायमन ग्लेनडेलच्या शाळेत एकतीस वर्षं सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला माणूस. लग्न केलं नव्हतं. एकाहत्तर साली एका बंद पडलेल्या टीव्ही स्टेशनच्या भंगारातून त्याला या पहिल्या ‘हातमोज्या’ची प्रत मिळाली. जगातली एकुलती एक. त्याने ती गॅरेजमध्ये भिंतीवर लावून पाहिली आणि तो जमिनीवरच बसला.

कारण त्या सिनेमात काळ उलटा चालत होता. विसाव्या मिनिटाला गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून एका माणसाकडे बोट दाखवतो. हा खुनी! आणि खून अजून झालेलाच नसतो. तो होतो त्यानंतर अर्ध्या तासाने. ज्याच्या खुनाची चर्चा झाली तो सावकार पुढे आरामात अंडी खाताना दिसतो. लायमनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आरोप आधी, गुन्हा नंतर! बोट दाखवल्यामुळेच माणूस खुनी होतो! एकोणीसशे तीस साली, बोलपट नुकता बोलायला शिकला असताना, ओटिस ब्रँडल नावाच्या दिग्दर्शकाने ही करामत केली होती. पुढे ब्रँडलने सिनेमा सोडून फ्रेझ्नोला कोंबड्या पाळल्या. लायमनच्या मते, जग तयार नव्हतं म्हणून.

चाळीस वर्षं लायमन हेच सांगत होता. मंडळात त्याने ही प्रत अकरा वेळा दाखवली. कुणी म्हणालं, "अरे, काही कळलं नाही," की तो समाधानाने मान हलवायचा आणि म्हणायचा, "तेच तर!" प्रतीला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि व्हर्नाबाई, ज्या मंडळाचं मासिक पत्रक काढायच्या, त्या दर ऑक्टोबरच्या अंकात ‘पुन्हा तोच हातमोजा’ या मथळ्याखाली त्याची सालं काढायच्या. ‘फ्रेझ्नोच्या कोंबड्यांचं नशीब थोर, त्यांना ब्रँडलचा सिनेमा बघावा लागला नाही,’ हे वाक्य त्यांचंच. लायमनने ते अंक जपून ठेवले होते. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि आज लायमनचे दिवस पालटणार होते. परदेशातल्या एका तळघरात या सिनेमाची दुसरी प्रत सापडली होती. मूळची, मोठ्या फिल्मवरची. एका छोट्या कंपनीने ती स्वच्छ करून घेतली होती आणि आता तिची डिस्क काढायची होती. सोबत एक पुस्तिका. पुस्तिकेत लायमनचा छत्तीस पानी लेख, ‘उलटा काळ, सरळ बोट’. सोमवारी सकाळी तो छापायला जायचा होता. छापील पानावर लायमनचं नाव आजवर एकदाच आलं होतं, शाळेच्या वार्षिकांकात, आणि तेही ‘टिबेट’ असं. बेकर्सफील्डच्या बहिणीला त्याने फोन करून सांगितलं होतं. तिने शेजाऱ्यांना सांगितलं होतं.

कंपनीचा माणूस कॉर्विन पहिल्या रांगेत बसला होता. चाळिशीचा, नम्र, पायात मोजे नसलेला.

"मिस्टर टिब्बेट्स," तो सकाळीच म्हणाला होता, "तुमचा लेख वाचून अंगावर काटा आला माझ्या. खरं सांगू, त्या लेखामुळेच आम्ही हा सिनेमा घेतला."

"सिनेमा पाहिलात ना पण?" लायमनने विचारलं.

"ओरखडे पुसून प्रत साफ करणाऱ्या मुलांनी पाहिला. पण ते ओरखडेच बघतात हो."

"तर मंडळी," लायमन आता माईकमध्ये म्हणत होता, "विसाव्या मिनिटाकडे लक्ष ठेवा. बोट उठेल. आणि मग, कृपा करून, आपापल्या खुर्चीला घट्ट धरून बसा."

"खुर्ची मोडकी आहे," व्हर्नाबाई म्हणाल्या. "धरायला काही शिल्लकच नाही."

"बाईसाहेब, तुम्ही विणकाम धरा."

"तेच धरणार आहे."

दिवे गेले. पडदा उजळला. चित्र इतकं स्वच्छ होतं की लायमनला पहिल्यांदाच कळलं, नायिकेच्या दिवाणखान्यात पियानो आहे. चाळीस वर्षं तो त्याला कपाट समजत होता. लेखात त्या कपाटावर अर्धं पान होतं. असो, तेवढं बदलता येईल, त्याने विचार केला.

विसावं मिनिट आलं.

बोट उठलं नाही. सावकार अंडी खात होता.

लायमन पुढे सरकून बसला. हे नंतरचं आहे, त्याने स्वतःला समजावलं, थोडं इकडचं तिकडे झालंय. सावकाराने अंडी संपवली, तोंड पुसलं, जिना चढला, आणि पस्तिसाव्या मिनिटाला व्यवस्थित, रीतसर, जसे जगातले सगळे सावकार मरतात तसा मेला. गुप्तहेर आला. त्याने टोपी काढली. प्रश्न विचारले. पियानोत ओला हातमोजा सापडला. मग त्याने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं, बोट उठवलं, आणि ज्याने खून केला होता त्याच्याचकडे दाखवलं.

एवढा सरळ सिनेमा लायमनने आयुष्यात पाहिला नव्हता. प्रत्येक गोष्ट तिच्या आधीच्या गोष्टीनंतर येत होती. अंधारात त्याला मागच्या रांगेतून व्हर्नाबाईंच्या सुयांचा आवाज येत होता, टक टक, टक टक, आणि शेजारी लेखाची झेरॉक्स घेऊन बसलेला डेल मोबाईलच्या उजेडात पानं उलटत होता, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

दिवे लागले. चौघांनी टाळ्या वाजवल्या. ते सॅलडवाले होते. त्यांना वाटलं, आता जेवण.

"लायमन," डेल म्हणाला, "पान अकरा. ‘मेलेला सावकार परत येऊन अंडी खातो, हा मृत्यूवरचा विनोद आहे.’ हे कुठे होतं रे?"

"मेल्यावर तो कुठे आला?" दुसऱ्या रांगेतली एक बाई म्हणाली. "मी जागी होते."

"पान सोळा," डेल पुढे वाचू लागला, "‘बोट आधी उठतं, सुरी नंतर...’"

"मला ठाऊक आहे पान सोळावर काय आहे!" लायमन उठून व्यासपीठाकडे गेला. ते व्यासपीठ, म्हणजे भाषणाला मागे उभं राहायचं उंच लाकडी मेज, त्यानेच बनवलं होतं, त्र्याऐंशी साली, मंडळाला भेट म्हणून. त्याच्यामागे उभं राहिलं की त्याला नेहमी बरं वाटायचं. "ही प्रत बनावट आहे. तळघरात सापडली म्हणजे अस्सल झाली का? तिकडच्या कुणीतरी, कुण्या भित्र्या माणसाने, ब्रँडलच्या मांडणीला घाबरून रिळं सरळ लावून टाकलीत! हा अत्याचार आहे! खरा सिनेमा माझ्याकडे आहे."

"कुठे आहे?" व्हर्नाबाईंनी विचारलं. त्यांनी विणकाम पिशवीत घातलं होतं. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"गाडीच्या डिक्कीत."

"आण."

"कुणी हात लावायचा नाही."

"लायमन, मी बावन्नपासून स्टुडिओत सिनेमाची मूळ निगेटिव्ह कापून जोडत होते. जगातल्या सगळ्यात महागड्या नट्यांचे गळे मी कात्रीने कापलेत, एकीलाही ओरखडा नाही. आण म्हणते ना."

कॉर्विन म्हणाला, "मिस्टर टिब्बेट्स, मलाही बघायला आवडेल. उद्या छापायला द्यायचंय ना, म्हणून म्हणतो." तो अजून नम्रच होता, पण घड्याळाकडे बघून नम्र होता.

लायमनने दोन मोठी रिळं आणली. दुसरा मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला भीतीही नव्हती. आता कळेल सगळ्यांना. बाई डोळ्यांनी बघेल आणि गप्प होईल.

व्हर्नाबाईंनी टेबलावरचं लिंबाच्या वड्यांचं ताट बाजूला सारलं. हातात पांढरे सुती मोजे घातले. ते त्या पिशवीत घेऊनच हिंडायच्या. गुंडाळणीवर रीळ चढवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि फिल्म डाव्या हातातून उजव्या हातात सोडू लागल्या. चित्राकडे त्या बघतच नव्हत्या. फिल्मच्या काठावर कारखान्यातून येणारे बारीक आकडे असतात, त्यांच्याकडे बघत होत्या. तेवीस माणसं टेबलाभोवती दिवाणखान्यातल्यासारखी गोळा झाली.

"छोटी रिळं किती होती, तुला मिळाली तेव्हा?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"चार. मी दोन-दोन जोडून दोन मोठी केली. सगळेच करतात."

"सुरुवातीच्या पट्ट्या? ज्यांच्यावर रिळाचा नंबर असतो त्या?"

"कापून टाकल्या. सगळेच..." लायमन थांबला.

"सगळेच करतात," व्हर्नाबाई म्हणाल्या. "मग कुठलं रीळ कितवं, ते कशावरून ठरवलंस?"

"डब्यांवर लिहिलं होतं की, एक, दोन, तीन, चार."

हॉलमध्ये एक उसासा फिरला. मंडळातल्या प्रत्येकाने कधी ना कधी डब्यावरच्या नंबरावर विश्वास ठेवून शरम पत्करली होती. प्रेमकथेच्या डब्यात दातांच्या निगेचा माहितीपट निघाला होता. विवाहसोहळ्याच्या डब्यात विवाहाआधीचं काहीतरी निघालं होतं. डब्यावरचं लेबल खरं मानणं ही या धंद्यातली पहिली चूक, आणि ती नवशिक्याचीच असते.

"हे बघा," व्हर्नाबाई म्हणाल्या. "आकडे चढत चाललेत. चढत, चढत. आणि इथे हा जोड. यापुढे एकदम सहाशे फुटांची उडी. दुसऱ्या मोठ्या रिळाच्या सुरुवातीला एकदम बाराशे फूट मागे. एक, तीन, दोन, चार. सिनेमा असा काढला नव्हता. असा चिकटवलाय."

"स्टुडिओतच चिकटवला असेल!" लायमन ओरडला. "ब्रँडलने! मुद्दाम!"

"स्टुडिओतला जोड मी पाठीमागूनसुद्धा ओळखते. हा खरवडलाय डाव्या हाताने." त्यांनी मान वर केली. लायमनने डावा हात खिशात घातला. "आणि स्टुडिओत कुणी जोडाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने त्रिकोण काढत नाही. इकडे अर्धा, तिकडे अर्धा, म्हणजे दोन तुकडे नीट जुळावेत. असं कोण करतं, डेल?"

डेलने मान वळवली. तो व्यासपीठाकडे बघत होता. मग सगळेच बघू लागले. उभ्या आणि आडव्या फळीच्या जोडावर, वॉर्निशखाली, सुताराच्या जाड पेन्सिलीने काढलेला त्रिकोण होता. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. चांगला जुळलेला. अठ्ठावीस वर्षं तो तिथे होता.

"खुनी सापडला," सॅलडवाल्यांपैकी एकजण म्हणाला.

लायमनला एकाहत्तरचा जुलै आठवला. गॅरेजमधली ट्यूबलाइट, गोंदाचा गोड वास, चारही पट्ट्या खिळ्याला टांगलेल्या. हाताला आलेली सफाई. जोड इतका देखणा झाला होता की त्याने त्यावर दोनदा बोट फिरवलं होतं. त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने, अर्ध्या तासात, जगातला सगळ्यात धाडसी सिनेमा बनवला होता, आणि मग चाळीस वर्षं त्याचं श्रेय एका कोंबडीवाल्याला दिलं होतं.

"पण..." तो म्हणाला. काहीतरी मोठं म्हणायची वेळ होती. त्याला ते दिसतही होतं, एक भव्य वाक्य, छत्तिसाव्या पानाच्या शेवटी शोभेल असं. "पण माझ्या क्रमाने तो जास्त चांगला आहे! आत्ता पाहिलात ना तुम्ही? सरळ लावला की काय उरतं त्यात? अंडी! सांगा, आहे का कुणात हिंमत, माझा सिनेमा यापेक्षा वाईट आहे म्हणायची?"

हिंमत सगळ्यांत होती. ते एकदम बोलू लागले.

"दोन्ही वाईट आहेत!"

"अकरा वेळा बघायला लावलंस, चोरा!"

"मी घरी बायकोला समजावून सांगायचो रे, उलटा काळ म्हणून. बायकोला!"

"वर्गणी परत दे!"

"वर्गणी मी घेत नाही, डेल घेतो," लायमन म्हणाला. ते खरं होतं, पण कुणाला त्याचं कौतुक वाटलं नाही.

कॉर्विन त्याला बाजूला घेऊन गेला. खांद्यावर हात ठेवला. "मिस्टर टिब्बेट्स, लेख अप्रतिम आहे. फक्त सिनेमा त्याच्याबद्दल नाहीये."

"मी रात्रीतून बदलतो."

"नको, त्रास नका घेऊ. आम्ही फोटो टाकू. लोकांना फोटो आवडतात."

"छत्तीस पानं फोटो?"

"आठ पानं. कुत्र्याचेही टाकू, दुसऱ्या सिनेमातले." आणि मोजे नसलेले पाय घेऊन तो उन्हात निघून गेला.

साडेचारला लोकांनी सॅलड खाल्लं. लायमनकडे कुणी बघितलं नाही, ताट मात्र सगळ्यांनी त्याच्या व्यासपीठावर ठेवून खाल्लं. मग एकेक गाडी सुरू झाली. बिंगोवाल्यांच्या खुर्च्या वेगळ्या असायच्या, म्हणून मंडळाच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावाव्या लागायच्या, आणि ते काम नेहमीप्रमाणे लायमनच करत होता. बेकर्सफील्डला काय सांगायचं, ते तो मनात जुळवत होता. छपाई पुढे गेली म्हणावं. दहा-वीस वर्षं.

मागून पावलं वाजली. व्हर्नाबाई होत्या. पिशवी काखेत, चष्मा डोक्यावर. लायमनने खुर्ची खाली ठेवली आणि ताठ उभा राहिला. पराभूत माणसाला शोभेल अशी मान त्याने आरशासमोर कधी करून पाहिली नव्हती, पण ती बऱ्यापैकी जमली.

"बोल," तो म्हणाला. "जिंकलीस. चाळीस वर्षं तुझंच बरोबर होतं. सिनेमा भिकार आहे."

"ते मी छापणारच आहे. पूर्ण पान. मथळाही ठरलाय."

"मग आता काय राहिलं?"

व्हर्नाबाईंनी दाराकडे पाहिलं. डेल बाहेर कॉफीचं भांडं धूत होता. त्यांनी पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"तुला ठाऊक आहे, आम्ही निगेटिव्हवाल्या आकडे बघतो. चेहरे बघायची सवयच नाही. कापायला बसलं की नटी काय अन् दिव्याचा खांब काय."

"हो. मग?"

"आणि इथे अंधार झाला की मी टाके मोजते. टाका सुटला की सगळी ओळ उसवावी लागते."

"व्हर्ना," लायमन सावकाश म्हणाला, "अकरा वेळा होतीस तू इथे."

"तीन स्वेटर झाले." त्यांचा आवाज पहिल्यांदाच मागच्या रांगेपर्यंत पोचला नसता. "आजची बारावी वेळ, बाही झाली. हे बघ, उद्या मजकूर टाइप करायचाय, आणि शिव्या घालायच्या तर नीट घालायला हव्यात, नाव-गाव घेऊन. तेव्हा डेल आत यायच्या आधी, हळूच, तेवढं सांग ना. खून कुणी केला होता?"